तख्त सचखंड श्री हजूर अबचलनगर साहिब, नांदेड

गोदावरीच्या उत्तर तीरावरील नांदेड हे शहर शीख बांधवांसाठी परमपवित्र होय. शीख धर्माच्या पाच तख्तांपैकी एक तख्त येथे आहे. उर्वरित चार अमृतसर, आनंदपूर, तलवंडी साबो व पाटणा येथे आहेत. आपल्या भाविकांना या स्थानाचे विशेष अगत्य असावे, कारण नांदेड १९५६ पर्यंत हैदराबाद संस्थान व राज्यातच होते, आणि ज्या श्री गुरु ग्रंथसाहिबात संत नामदेवांची ६१ पदे विराजमान आहेत, त्या ग्रंथास गुरुपद मिळाले ते याच भूमीत. नामदेवांचे नरसी हे गावही येथून फार दूर नाही.

दहावे गुरू श्री गोविंदसिंहजी यांचा जन्म १६६६ साली पाटण्यास झाला. १६९९ साली आनंदपूर येथे त्यांनी खालसा पंथाची स्थापना केली. पुढील संघर्षात त्यांचे चारही पुत्र धर्मासाठी बलिदान झाले. थोरले दोघे चमकौरच्या रणांगणावर, तर धाकटे दोघे सरहिंद येथे. औरंगजेबाच्या मृत्यूनंतर बादशहा बहादूरशाह दक्षिणेत उतरला, तेव्हा गुरुजीही त्या वाटेने आले व १७०८ साली नांदेडास थांबले. येथेच गोदातीरी राहणारा माधोदास नावाचा बैरागी त्यांच्या चरणी लीन झाला. तोच पुढे बंदासिंह बहादूर या नावाने पंजाबात गेला व १७१० साली त्याने सरहिंद जिंकले.

सरहिंदच्या सुभेदाराने धाडलेल्या पठाणाने गुरुजींवर कट्यारीचा वार केला, असे परंपरा सांगते. जखम बांधली गेली, परंतु पुन्हा उसळली. देह ठेवण्यापूर्वी गुरुजींनी यापुढे देहधारी गुरू होणार नाही असे सांगून ग्रंथसाहिबासमोर मस्तक नमविले. दिनांक ७ ऑक्टोबर १७०८ रोजी ते ज्योतीत विलीन झाले. वारस पुत्र उरले नव्हते हे खरे. परंतु गादीचा प्रश्न त्यांनी पुत्रांवर ठेवलाच नव्हता, असे प्रस्तुत लेखकास वाटते.

आपल्या समाधीवर कोणी स्मारक उभारू नये, उभारील त्याचा वंश राहणार नाही, असे गुरुजींनी बजावल्याची एक कथा आहे. तरीही महाराजा रणजितसिंहांनी १८३२ ते १८३७ या काळात सध्याची वास्तू उभारविली. १८३९ मध्ये महाराज निवर्तले आणि दहा वर्षांत पंजाबचे राज्य इंग्रजांनी खालसा केले. कथेला इतिहासाचा आधार मानावा की नाही, हे ज्याचे त्याने ठरवावे. त्याच सुमारास निजामाचे दिवाण चंदूलाल यांच्या कारकिर्दीत लाहोरहून शीख फौज हैदराबादेस आली. तिचे वंशज दक्षिणी शीख म्हणून आजही या प्रदेशात नांदतात.

मंदिराच्या अंतर्भागास अंगीठा साहिब म्हणतात. गुरुजींच्या अग्निसंस्काराच्या जागेवरील या दालनात मुख्य पुजाऱ्यांखेरीज कोणासही प्रवेश नाही, आणि ते आजन्म ब्रह्मचारी असतात. आत गुरुजींची शस्त्रे जतन केलेली आहेत. बाहेर ग्रंथसाहिबासोबत दशम ग्रंथाचाही प्रकाश होतो. पंजाबातील बहुतेक गुरुद्वारांत अशी प्रथा नाही, म्हणून तिकडून प्रथमच येणाऱ्यास हे पाहून नवल वाटते. सायंकाळची आरती, शस्त्रांना चंदनाचा टिळा, दसऱ्याचा व होळीचा हल्लाबोल या प्रथा आपल्याकडील उपासकास परक्या वाटत नाहीत. १९५६ साली हैदराबाद विधिमंडळाने केलेल्या कायद्यान्वये गुरुद्वारा मंडळाचा कारभार चालतो. २००८ साली गुरुगादीस तीनशे वर्षे झाली, तेव्हा लक्षावधी यात्रेकरू नांदेडास लोटले होते.

सेवेचा एक नित्यक्रम मात्र यात्रेकरूंच्या सहसा नजरेस पडत नाही. दररोज पहाटे नेमलेला सेवेकरी गोदावरीवर जातो व घागर भरून आणतो. त्याच पाण्याने तख्ताचे स्नान होते, आणि मग दरबाराची द्वारे उघडतात. दिवाळीच्या सुमारास शस्त्रेही गोदेच्याच पाण्याने धुतली जातात.