याजकांविना जपलेला करार

नहेम्याच्या पुस्तकात जेरुसलेममधला एक दिवस नोंदला आहे. इ.स.पू. पाचवे शतक. पाणीवेशीसमोरच्या चौकात लाकडी मंचावर उभा राहून याजक एज्रा पहाटेपासून दुपारपर्यंत नियमशास्त्र वाचतो, मंदिरसेवेतले लेवी गर्दीला अर्थ समजावतात आणि ऐकणारे रडू लागतात. मग काही दिवसांनी पुढारी, लेवी आणि याजक लेखी करारावर मोहरा उमटवतात. परमेश्वराशी केलेला करार नवा करायचा, तर तो मोठ्याने वाचून दाखवायला हवा; दर सात वर्षांच्या या वाचनाची आज्ञा अनुवादाच्या पुस्तकात याजकांना आणि वडीलजनांना दिली होती.

ज्यांच्याकडे याजकही नाही आणि पुस्तकही नाही, त्यांनी काय करावे?

याचे उत्तर कोकणात, जुन्या कुलाबा जिल्ह्याच्या किनाऱ्यावर सापडते. बेने इस्रायली या मराठी बोलणाऱ्या ज्यू समाजाच्या परंपरेनुसार नवगावजवळ जहाज फुटले आणि सात पुरुष व सात स्त्रिया वाचल्या. त्यांच्या वंशजांमध्ये कोहेन (याजक) वा लेवी म्हणवणारे घराणे नव्हते. हिब्रू ग्रंथ नव्हते. उरली होती ‘शमा’ ही प्रार्थना, आठव्या दिवशीची सुंता, खवले-पर नसलेला मासा वर्ज्य मानणे आणि शनिवारी बंद राहणारा तेलाचा घाणा. गावाने त्यांना ‘शनिवार तेली’ म्हटले, ते यामुळेच.

योम किप्पुरची, म्हणजे प्रायश्चित्ताच्या दिवसाची, गोष्ट सर्वांत विलक्षण. लेवीय पुस्तकात हा मुख्य याजकाचा दिवस आहे. परमपवित्रस्थानात तो वर्षातून एकदाच, याच दिवशी शिरतो. कोकणात हाच ‘दारफाळणीचा सण’ झाला. दारे लावून घ्यायची, पांढरे कपडे घालायचे, उपास करायचा. पूर्वज या वेळी घरी येतात आणि दुसऱ्या दिवशी, शिळ्या सणाला, परततात अशी श्रद्धा होती. मंदिरातला विधी माजघरात आला आणि टिकला, कारण तो कोणा एकाच्या हाती नव्हता.

एलिया संदेष्ट्यावरची त्यांची भक्तीही याच मातीतली वाटते. कर्मेल डोंगरावर मोडलेली वेदी बारा दगडांनी पुन्हा बांधून लोकांना कराराकडे वळवणाऱ्या या माणसाला बायबल कुठेही याजक म्हणत नाही. गोड पोहे, ओले खोबरे आणि फळांचा मलिदा ठेवून एलियाहू हन्नाबीचे आभार मानायचे: लग्नात, नवस फेडताना, नव्या घरात. अलिबागजवळच्या खंडाळ्यात कातळावरच्या खुणा त्याच्या रथाच्या मानल्या जातात.

पुढे दाविद राहाबी नावाचा ज्यू गुरू आला. त्याच्या काळाबद्दल मतभेद आहेत, पण झिराडकर, राजपूरकर आणि शापूरकर या तीन घराण्यांतल्या तरुणांना त्याने धर्म शिकवल्याची आठवण पक्की आहे. ते काजी झाले. विवाह लावणे, सुंता, तंटे मिटवणे ही कामे वंशपरंपरेने त्यांच्याकडे आली. याजकाची जागा जन्माने नव्हे, शिकण्यातून भरली गेली, आणि मग तीही वारशाने चालू लागली.

१७९६ मध्ये सॅम्युएल इझिकेल दिवेकर यांनी मुंबईत मांडवीला पहिले सिनेगॉग बांधले. एकोणिसाव्या शतकात कोचीनहून शिक्षक आले. पलटणींतल्या नोकऱ्यांमुळे पुण्यातही वस्ती वाढली, आणि तिथेच १८७४ मध्ये विठ्ठल सखाराम अग्निहोत्री यांच्या छापखान्यात वल्हांडणाच्या सणाला घरी वाचायची पोथी, हग्गादा, छापली गेली. हिब्रूशेजारी मराठी, आणि चित्रात बेखमीर भाकरी करणाऱ्या लुगड्यातल्या बायका! पाणीवेशीपाशी लेवींनी जे केले, ते इथे मोशे याकोब तळकर आणि अहरोन दानियल तळकर या संपादकांनी केले. वाचायचे होते ते घरच्या कर्त्याने, घरच्या पंगतीत. पुण्याच्या रास्ता पेठेतले त्यांचे सुक्कथ शलोमो हे सिनेगॉग त्यानंतर, १९२१ मध्ये उभे राहिले.