तापमान-निदान, फेरफार केलेल्या मोटारीचे

फेरफार केलेल्या मोटारीचा तापमानाचा काटा नेहमीपेक्षा वर चढला, खाली राहिला किंवा डुलू लागला, तर दोष इंजिनात आहे की मोजमापात, हे ठरवण्याची पद्धत. कारखान्यातून आलेल्या गाडीत सेन्सर, गेज, थर्मोस्टॅट, रेडिएटर आणि पंखा एकमेकांशी जुळवून बसवलेले असतात. गॅसकिट, दुसऱ्या गाडीचे इंजिन, टर्बो, चिप-ट्यूनिंग, पुढचा भक्कम गार्ड, इतकेच काय बाजारातले डिजिटल गेज बसवले तरी ही जुळणी मोडते. म्हणून अशा गाडीच्या बाबतीत 'काय बिघडले?' याच्या आधी 'शेवटचे काय बदलले?' हे विचारावे. हे न विचारता इंजिनाचे हेड खोलणाऱ्या मिस्त्रीकडे गाडी न नेलेली बरी.

इथले दाखले उस्मानपुऱ्याचे आहेत; हा छत्रपती संभाजीनगरातला क्रांती चौक आणि रेल्वे स्टेशन यांच्या पट्ट्यातला वर्दळीचा भाग. गाडी तापण्याची तीन वेगवेगळी कारणे पारखायला लागणारे तीन प्रकारचे रस्ते इथून जवळ आहेत: क्रांती चौकाकडची संध्याकाळची कोंडी, बीड बायपासचा मोकळा रस्ता आणि दौलताबादहून खुलताबादकडे चढणारा घाट. शिवाय एप्रिल-मे महिन्यांत पारा चाळिशी ओलांडतो, तेव्हा रेडिएटरला हवाच तापलेली मिळते.

कोंडीत काटा चढतो आणि गाडी पळू लागली की उतरतो, तर दोष हवेच्या झोताचा. पंखा, त्याचा रिले, फ्यूज, पंख्याभोवतीचे कव्हर ही तपासाची जागा. पट्ट्यावरचा पंखा काढून विजेचा बसवलेल्या जीपमध्ये वायरी उलट जोडल्याने पंखा हवा उलट्या दिशेने फेकत असल्याचे आढळते. तो फिरताना दिसतो म्हणून त्याच्यावर संशय येत नाही. रेडिएटरसमोर कागद धरला की पाच सेकंदांत उलगडा होतो. याउलट कोंडीत ठीक आणि बायपासवर सलग वेगात काटा चढत असेल, तर पाण्याचा प्रवाह अपुरा आहे: जाम झालेला रेडिएटर, झिजलेला वॉटर पंप, किंवा वेगात ओढ बसून आत दबणारा खालचा पाइप. फक्त घाटातच तापत असेल, तर ताकद वाढवताना थंडावा वाढवलेला नाही असे समजावे. टर्बो गाडीचा इंटरकूलर रेडिएटरपुढे बसवला, की रेडिएटरला आधीच गरम झालेली हवा मिळते. मोठा बुल-बार आणि जादा दिवेही हवा अडवतात. 

आकडा खरा की खोटा? निदानाचा गाभा हाच. बहुतेक तापमान-सेन्सरांचा विद्युतरोध उष्णता वाढली की कमी होतो: २० अंशांना सुमारे अडीच हजार ओम, ८० अंशांना तीनशेच्या आसपास. प्रत्येक कंपनीचे आकडे थोडे वेगळे असतात, आणि घोटाळा तिथेच होतो. इंजिन एका गाडीचे, सेन्सर त्याच्याबरोबर आलेला आणि डॅशबोर्डवरचे गेज मूळ जीपचे, अशा जोडीत ८५ अंशांना काटा लाल पट्ट्यात किंवा ११० ला मध्यावर दिसू शकतो. जुन्या एकवायरी सेन्सरची परीक्षा सोपी: वायर काढली की काटा तळाला, वायर क्षणभर इंजिनाला टेकवली की वरच्या टोकाला. दोन्ही झाले तर गेज आणि वायर ठीक, संशय सेन्सरवर. संगणकीय गाडीवर हा प्रयोग करू नये; तिथे स्कॅनर लावावा. पी०११७ हा कोड सर्किटमध्ये शॉर्ट असल्याचे सुचवतो आणि आकडा अवास्तव गरम दिसतो. पी०११८ तुटलेल्या वायरीचा, तेव्हा आकडा उणे ४० च्या जवळ दिसतो. मे महिन्यात उणे ४० दाखवणाऱ्या गाडीचे हेड खोलायची गरज नाही.

हेडलाइट किंवा पंखा लावताच काटा उडी मारत असेल तर ते अर्थिंग. इंजिन बदलताना बॉडीला जाणारी अर्थची पट्टी परत न जोडणे ही नित्याची चूक आहे. एकवायरी सेन्सरच्या आट्यांना टेफ्लॉन टेप जाड गुंडाळली तरी अर्थ तुटतो. डिजिटल गेजचा सेन्सर रबरी पाइपात अडॅप्टर घालून बसवतात. रबरातून अर्थ मिळत नाही, त्यासाठी वेगळी वायर लागते. तो अडॅप्टर वरच्या पाइपात असेल तर थर्मोस्टॅट उघडेपर्यंत साचलेल्या पाण्याचे तापमान कळते. खालच्या पाइपात असेल तर रेडिएटरमधून निवून आलेल्या पाण्याचे. दोन्ही आकडे खरे, पण इंजिनाच्या हेडचे नव्हेत.

सेन्सर काढून उकळत्या पाण्यात धरून तपासायचा झाल्यास एक गोष्ट लक्षात ठेवावी. हे शहर समुद्रसपाटीपासून सुमारे ५६८ मीटर उंचीवर आहे, त्यामुळे इथे पाणी १०० ला नव्हे, जवळपास ९८ अंशांना उकळते. इन्फ्रारेड टेंपरेचर गन वापरताना चकाकणाऱ्या ॲल्युमिनियमवर थेट नेम धरू नये, आकडा कमी येतो. काळी टेप चिकटवून तिच्यावर धरावा.

नवे डिजिटल गेज बसवल्याबरोबर 'गाडी तापते' अशी तक्रार घेऊन येणाऱ्यांची गाडी बहुधा तापत नसते. कंपनीचा काटा साधारण ७५ ते १०५ अंशांपर्यंत मुद्दाम मध्यावर स्थिर ठेवलेला असतो. नवा आकडा मात्र ८४ वरून ९७ वर जातो, पंखा सुरू होतो, पुन्हा ९० वर येतो. हा खेळ पूर्वीही चालू होता, फक्त मालकाला दिसत नव्हता.

सर्वांत घातक आकडा मात्र खालचा. कूलंट इतके कमी झाले की सेन्सर पाण्याबाहेर पडला, तर तो हवेचे तापमान सांगतो: काटा खाली येतो आणि इंजिन आत भाजत असते. चालत्या गाडीचा काटा एकदम पडला तर हायसे वाटून घेऊ नये, गाडी थांबवावी. गॅसकिट बसवल्यानंतर हा धोका विशेष असतो. गॅस दाब सोडताना थंड होतो, म्हणून त्याच्या रेड्यूसरला इंजिनाचे गरम पाणी टी-जोड लावून पुरवतात. त्या कामात शिरलेली हवा नीट काढली नाही, तर एअर लॉकमुळे काटा वरखाली उसळतो आणि रेड्यूसरवर बर्फही धरतो. गॅसवर गेल्यावरच तापत असेल तर मिश्रण फार पातळ आहे का, तेही पाहावे.

थंड गाडी सुरू करताच रेडिएटरमध्ये सतत बुडबुडे, पाइप दगडासारखे कडक, मागे पांढरा धूर: ही हेड गॅस्केट फुटल्याची लक्षणे. रेडिएटरमधले ज्वलनवायू ओळखणाऱ्या ब्लॉक-टेस्टचे निळे द्रव पिवळे पडले की खात्री होते.

गाडी तापते म्हणून थर्मोस्टॅट काढून टाकण्याची महाराष्ट्रभरची प्रथा या शहरातही आहे आणि ती चुकीची आहे. कित्येक इंजिनांत थर्मोस्टॅट उघडताना बायपासची वाट बंद करतो. तो काढला की गरम पाणी रेडिएटरला वळसा घालून परत इंजिनात येते. इतर गाड्यांत इंजिन कायम थंड राहते, संगणक जादा पेट्रोल सोडतो आणि पी०१२८ कोड लागतो. दुसरी खोड पाण्याची. जायकवाडीचे पाणी शहराला काही दिवसांआड मिळते, म्हणून रेडिएटरमध्ये बोअरचे किंवा टँकरचे जड पाणी जाते आणि बारीक नळ्यांत क्षार बसतो. वाळूजला १९८५ पासून बजाज, शेंद्र्याला २००१ पासून स्कोडा. गाड्या बनवणाऱ्या या शहराने रेडिएटरमध्ये बोअरचे पाणी ओतावे हे नवलच. कूलंट आणि शुद्ध पाणी निम्मे-निम्मे घेतले, झाकण योग्य दाबाचे असले, तर उत्कलनबिंदू १२५ अंशांच्या पुढे जातो. तेच झाकण गरम असताना उघडले की हात भाजतो.

मोटार वाहन कायदा १९८८ च्या कलम ५२ नुसार गॅसकिट वा इंजिन बदलाची नोंद आरटीओकडे करावी लागते; २०१९ च्या दुरुस्तीनंतर अनधिकृत फेरफाराला प्रत्येकी पाच हजार रुपये दंड, सहा महिन्यांपर्यंत कैद किंवा दोन्ही होऊ शकतात. निदानालाही या नोंदीचा उपयोग आहे. एमएच २० पाटीची जुनी जीप हातात आली, तर आरसीवरच्या इंजिन क्रमांकावरून इंजिन कोणते आणि त्याला सेन्सर कोणता हे काढता येते. ज्या जीपचे इंजिन आणि आरसी जुळत नाहीत, तिचा काटा दुरुस्त करत बसण्यापेक्षा ती न घेतलेली बरी.