डेस्कटॉप डॅक संगणकावरून कसा लावावा : श्रवणबैठकीसाठी आणि घरासाठी

मंडळाच्या श्रवणबैठकीला येणाऱ्या सभासदांनी लॅपटॉप आणि ॲम्प्लिफायर यांच्या मध्ये ठेवलेली एक लहानशी काळी डबी पाहिली असेल. हा डॅक, म्हणजे डिजिटल-टू-ॲनालॉग कन्व्हर्टर. गाण्याच्या फाइलमध्ये नुसते आकडे असतात. त्या आकड्यांवरून विजेची लहर तयार करून ती ॲम्प्लिफायरकडे पाठवायची, एवढेच याचे काम. फोनमध्ये आणि लॅपटॉपमध्येही असा एक डॅक आतच बसवलेला असतो. बाहेरचा घेतला की लॅपटॉपमधली खरखर टळते आणि ॲम्प्लिफायरला पुरेसा जोरकस सिग्नल मिळतो.

बैठकीनंतर पोहे खाताना आम्हाला नेहमी विचारले जाते, की घरी कुठला डॅक घ्यावा. खरे तर त्याआधी विचारायला हवे, की घेतलेला डॅक संगणकावर लावायचा कसा. डबी कितीही चांगली असली तरी तिच्यापर्यंत कोणते आकडे पोहोचतात हे संगणकातले सॉफ्टवेअर ठरवते. ते नीट लावलेले नसेल तर डबीचे पैसे वाया जातात. क्वचित त्याहून वाईट काही घडते, ते पुढे सांगितले आहेच.

ध्वनिमुद्रणांची हौस आपल्या भागाला नवी नाही. लताबाईंचा जन्म 28 सप्टेंबर 1929 चा, इंदूरचा. राऊच्या शेजारी पिगडंबरला सुमन चौरसिया यांनी त्यांच्या नावाने ग्रामोफोन तबकड्यांचे संग्रहालय उभे केले आहे आणि तिथे हजारो तबकड्या जपलेल्या आहेत. उस्ताद अमीर खाँ (1912–1974) इंदूरचेच. मारवा आणि दरबारी या रागांची त्यांची एलपी आपल्यापैकी अनेकांच्या घरी झिजेपर्यंत वाजली. याखेरीज प्रत्येक घरात एखादा कॅसेटचा खोका असतो : गणेशोत्सवातले कार्यक्रम, कीर्तने, मुंजीतली मंगलाष्टके, आजीची भजने. या कॅसेट गेली काही वर्षे संगणकावर उतरवल्या जात आहेत. या लेखातली बरीचशी माहिती त्या कामातूनच जमली.

आवाजाची किल्ली कुणाच्या हाती

डॅक लावताना पहिला गोंधळ आवाज कमी-जास्त करण्यावरून होतो. गाणे वाजवणाऱ्या प्रोग्रॅममध्ये एक पट्टी, विंडोजच्या कोपऱ्यात दुसरी, डॅकवर एक बटण आणि ॲम्प्लिफायरवर आणखी एक. अशी चार ठिकाणे झाली आणि प्रत्येक जण आपापल्या सवयीने कुठलेतरी एक फिरवतो.

विंडोजची पट्टी प्रत्येक डॅकवर एकच काम करत नाही. यूएसबी ध्वनियंत्रांच्या ठरलेल्या पद्धतीप्रमाणे, गाण्याच्या आकड्यांशिवाय ‘आवाज इतका ठेव’, ‘मुका हो’ अशा सूचनाही त्याच वायरीतून वेगळ्या जातात. डॅकला त्या समजत असतील तर विंडोजची पट्टी सरकवली की डॅकच्या आतलाच आवाज बदलतो. समजत नसतील तर विंडोज स्वतःच आकडे लहान करून पाठवते. पट्टी दिसायला तीच, आतले काम निराळे.

आकडे लहान केल्याने काय बिघडते? एक बिट म्हणजे साधारण 6 डेसिबल. सीडीच्या 16 बिटांत सुमारे 96 डेसिबलचा आवाका मावतो. विंडोजमध्ये डॅकसाठी 16 बिट निवडलेले असतील आणि पट्टीने आवाज 30 डेसिबलने खाली आणला, तर पाच बिट गेले. विलंबित आलापात स्वर हळूहळू विरत जातो, तो भाग खरखरीच्या जवळ येतो. 24 बिट निवडले की खाली आणखी 48 डेसिबल मोकळी जागा मिळते आणि ही भीती उरत नाही. ‘संगणकाच्या पट्टीला हातच लावू नये’ असे बजावणारे जाणकार भेटतात. 16 बिटांच्या दिवसांत त्यांचे म्हणणे बरोबर होते. 24 बिटांवर ते पाळले नाही तरी चालते.

तरीही बैठकीत आम्ही एकच किल्ली चालू ठेवतो, ॲम्प्लिफायरची. प्रोग्रॅम आणि विंडोज पूर्ण, डॅक ‘फिक्स्ड’ किंवा ‘लाइन आउट’वर. घरी ॲम्प्लिफायर नसेल, हेडफोन थेट डॅकला लावत असाल किंवा स्पीकरमध्येच ॲम्प्लिफायर असेल, तर मात्र डॅक ‘व्हेरिएबल’वर ठेवून त्याचेच बटण वापरा. त्या जोडणीत ‘फिक्स्ड’ निवडले तर पूर्ण जोराचा आवाज थेट कानावर येतो. पहिल्यांदा वाजवण्याआधी बटण शून्यावर आणून मग वर नेण्याची सवय मुलांनाही लावा.

44100 आणि 48000

सीडीवर प्रत्येक सेकंदाला प्रत्येक बाजूच्या आवाजाची 44,100 मापे घेतलेली असतात. व्हिडिओच्या जगात हा आकडा बहुधा 48,000 असतो. विंडोजमध्ये डॅकसाठी यातला एक आकडा निवडलेला असतो आणि इतर सगळ्या फाइली वाजवण्याआधी त्याच मापात बसवल्या जातात. हे रूपांतर चालू विंडोजमध्ये इतके चांगले होते, की बहुतेकांना फरक कळणार नाही. पण टाळता येत असेल तर का करावे? सेटिंग्जमध्ये सिस्टीम, मग साउंड, तिथे आपला डॅक निवडला की ‘फॉरमॅट’ दिसतो. गाणीच ऐकणार असाल तर 24 बिट, 44100 ठेवा. घरी मुख्यतः चित्रपट आणि मालिका चालत असतील तर 24 बिट, 48000. यादीत 192000 पर्यंत आकडे असतात आणि त्यांच्यापुढे ‘स्टुडिओ क्वालिटी’ असे भारदस्त लिहिलेलेही असते. सर्वांत मोठा आकडा निवडल्याने जुन्या फाइलीत नसलेले काही येत नाही.

मॅकवर हेच काम ‘ऑडिओ मिडी सेटअप’ नावाच्या छोट्या प्रोग्रॅममध्ये होते. तो युटिलिटीज फोल्डरमध्ये असतो.

या दोन आकड्यांची गल्लत फाइल बनवतानाच झाली तर काय होते, ते आम्ही एका कॅसेटवर शिकलो. मंडळातल्या एका कुटुंबाने आजींच्या भजनांची कॅसेट बाहेरून उतरवून आणली होती. बैठकीत फाइल लावली. आवाज स्वच्छ होता, घासल्याचा मागमूस नव्हता. दोन मिनिटांनी आजींची मुलगी म्हणाली, “ही आई नाही.” आम्ही समजूत घातली, की वीस वर्षांनी आवाज ऐकला की असे वाटते. ती म्हणाली, “आई इतकी पातळ गात नव्हती. आणि तिला कधी घाई नसायची.”

तिचेच बरोबर होते. 44100 मापांनी मुद्रित झालेल्या फाइलीवर शिक्का 48000 चा बसला होता. वाजवणारा प्रोग्रॅम शिक्का वाचतो आणि मापे त्याच वेगाने संपवली जातात. त्यामुळे गाणे जवळजवळ नऊ टक्के वेगाने धावते आणि सूर सुमारे दीड अर्धस्वर चढतो. पेटी काढून पाहिली तेव्हा आजींचा सा पांढरी दोन आणि काळी दोन यांच्या मधल्या फटीत लागत होता. कुठल्याच पट्टीशी जुळेना. दीड अर्धस्वर खाली उतरवला की तो काळी एकवर येतो. त्याच पेटीवर काळी एकमध्ये आजी आयुष्यभर गायल्या होत्या. दुसरा पुरावा घड्याळाचा. नव्वद मिनिटांच्या कॅसेटची भरलेली एक बाजू पंचेचाळीस मिनिटांची हवी, फाइल भरली एक्केचाळीस मिनिटे वीस सेकंद.

दुरुस्ती सोपी निघाली. ऑडॅसिटी या मोफत प्रोग्रॅममध्ये फाइल उघडायची, ट्रॅकच्या मेनूत ‘रेट’ 44100 करायचा. त्याच नावाच्या आसपास ‘रिसॅम्पल’ असतो, तो नव्हे. त्याने मापांची संख्या बदलते आणि चूक जशीच्या तशी कायम राहते. मग ‘प्रोजेक्ट रेट’ही 44100 आहे हे पाहून नव्या नावाने फाइल साठवायची. मूळ फाइल पुसायची नाही. पुढच्या बैठकीत ती फाइल पुन्हा लावली. मुलगी काही बोलली नाही, पहिल्या कडव्यापासून आईबरोबर गुणगुणू लागली.

तेव्हापासून कुणीही उतरवलेली कॅसेट आणली की आम्ही आधी तिची लांबी पाहतो आणि मग पेटीवर सा लावून पाहतो. अर्थात मूळ टेपरेकॉर्डरचाच वेग बिघडलेला असेल तरी सूर हलतो. पण तो फरक नेमका दीड अर्धस्वराचा सहसा नसतो.

डॅक फक्त गाण्यासाठी राखून ठेवणे

दरबारीचा गंधार आंदोलत असताना मध्येच मेल आल्याची ‘टिंग’ वाजली, की सभागृहातले सगळे लॅपटॉपपाशी बसलेल्या माणसाकडे पाहतात. हे टाळण्याचा पक्का उपाय म्हणजे एक्स्क्लुझिव्ह मोड. यात गाण्याचा प्रोग्रॅम विंडोजचे मिश्रण ओलांडून डॅक पूर्णपणे ताब्यात घेतो. इतर कुठलाच आवाज त्यात शिरू शकत नाही आणि प्रत्येक फाइल आपल्या मूळ मापाने जाते. बैठकीत आम्ही फूबार2000 वापरतो. त्याच्या प्रेफरन्सेसमध्ये प्लेबॅक, मग आउटपुट इथे डॅकचे नाव दोनदा दिसते. ज्यापुढे ‘एक्स्क्लुझिव्ह’ लिहिलेले असेल ते निवडायचे. काही डॅकबरोबर कंपनीचा आसिओ ड्रायव्हर येतो, त्यानेही हेच साधते.

सावधगिरी एकच, पण ती विसरू नये. एक्स्क्लुझिव्हमध्ये विंडोज स्वतः आकडे लहान करत नाही. त्यामुळे आवाजाच्या सूचना न समजणाऱ्या डॅकवर विंडोजची पट्टी अर्ध्यावर असली तरी आवाज पूर्ण जोराने येतो. बदल करण्याआधी ॲम्प्लिफायर खाली आणा. संगणकावर बसवलेले बरेचसे इक्वलायझरही या मार्गात बाजूला पडतात. ‘काल आवाज भरदार होता, आज कोरडा वाटतो’ या तक्रारीचे कारण पुष्कळदा हेच असते.

एक्स्क्लुझिव्ह नको असेल तर निदान एवढे करा. कंट्रोल पॅनेलमधल्या साउंडच्या खिडकीत ‘साउंड्स’ खाली ‘नो साउंड्स’ निवडा. तिथेच ‘कम्युनिकेशन्स’ नावाचा कप्पा आहे. व्हिडिओ कॉल आला की बाकीचे आवाज 80 टक्क्यांनी खाली आणायचे, असे तिथे आधीपासून ठरवलेले असते. ते ‘डू नथिंग’ करा. परदेशातल्या मुलाबाळांशी बोलून झाल्यावर गाणे बारीक का झाले, हे कोडे अनेक घरांत याने सुटते. डॅकच्या प्रॉपर्टीजमधली ‘एन्हान्समेंट्स’ही बंद ठेवलेली बरी.

फिल्टर आणि बाकीची बटणे

महागड्या डॅकबरोबर संगणकावरून सगळे चालवायचे सॉफ्टवेअर मिळते. आरएमई या जर्मन कंपनीच्या एडीआय-2 मालिकेसाठी ‘एडीआय-2 रिमोट’ आहे. इनपुट, आवाज, इक्वलायझर, फिल्टर असे सारे खुर्चीतून न उठता बदलता येते. इतर अनेक कंपन्यांचीही अशी पॅनेल असतात. गुडघे दुखणाऱ्यांना ही मोठी सोय आहे.

त्यातल्या ‘शार्प’, ‘स्लो’, ‘मिनिमम फेज’ अशा फिल्टरांवर तासन्‌तास वाद होतात. हे फिल्टर मुख्यतः 20,000 हर्ट्झच्या आसपास काम करतात. आपल्या जुन्या तबकड्या आणि कॅसेटींमध्ये तितक्या वर फारसे संगीत नसते आणि पन्नाशी ओलांडलेल्या कानांना तिथले ऐकूही येत नाही. ‘शार्प’ ठेवा आणि विसरून जा, असे आमचे मत आहे. इक्वलायझर मात्र उपयोगाचा आहे. कॅसेटची सळसळ वरच्या पट्ट्यात थोडी उतरवली तर शब्द मोकळे होतात. कुठलाही पट्टा वर चढवलात तर एकूण आवाज तितकाच खाली आणा, नाहीतर तार सप्तकातली तान फाटते.

झोप आणि टकटक

काही डॅक शांतता मिळाली की झोपतात. गाणे सुरू झाल्यावर जागे होईपर्यंत पहिला सेकंद गिळला जातो, म्हणजे नेमका तंबोऱ्याचा पहिला झंकार. विंडोजच्या पॉवर ऑप्शन्समध्ये ‘यूएसबी सिलेक्टिव्ह सस्पेंड’ बंद करा. डॅकच्या मेनूत ‘ऑटो स्टँडबाय’ असेल तर तोही. एवढे करूनही थांबले नाही तर फाइलीच्या सुरुवातीला दोन सेकंद शांतता जोडा. गाण्यात टकटक ऐकू येत असेल तर प्रोग्रॅममधला बफर वाढवा. नुसते ऐकताना त्याने काही बिघडत नाही, व्हिडिओत मात्र ओठ आणि आवाज यांत अंतर पडू शकते.

जुन्या लॅपटॉपवर डॅक ओळखलाच जात नसेल तर विंडोजची आवृत्ती पाहा. 96,000 च्या वर जाणाऱ्या डॅकना लागणारा यूएसबी ऑडिओ 2 चा ड्रायव्हर विंडोज 10 मध्ये 2017 च्या 1703 या आवृत्तीपासून आला. त्याआधी कंपनीचा वेगळा ड्रायव्हर बसवावा लागे. विंडोजचे मोठे अपडेट झाल्यावर फॉरमॅट आणि एन्हान्समेंट्स पुन्हा एकदा तपासा, कारण कधीकधी ते आपोआप बदललेले आढळतात. आम्ही सगळी सेटिंग्ज एका कार्डावर लिहून डॅकच्या खोक्यात ठेवली आहेत. बैठकीची जबाबदारी ज्यांच्याकडे असेल त्यांनी श्रोते येण्याआधी अर्धा तास ते कार्ड काढावे आणि ॲम्प्लिफायर शून्यावर ठेवून सुरुवात करावी.