सबमिट दाबलं, चाक फिरत राहिलं... अर्ज पोचला की नाही, हे कसं ओळखायचं?

पीक विमा असो, महाडीबीटीवरचा अर्ज असो की पोरांची शिष्यवृत्ती, मुदत संपत आली की गावोगाव एकच वाक्य ऐकू येतं: "सर्व्हर बसलाय." सबमिट दाबलं की स्क्रीनवर चाक फिरत राहतं. मग कुणी तेच बटण चार वेळा दाबतो आणि पैसे दोनदा कापले जातात. कुणी अर्ज झाला असं समजून निघून जातो आणि नंतर यादीत नावच सापडत नाही. मोबाईल आणि सर्व्हर एकमेकांशी कसे बोलतात हे थोडं समजून घेतलं, तर हे नुकसान बऱ्याच वेळा टाळता येतं.

ब्राउझर इकडे, सर्व्हर तिकडे

मोबाईलमधलं क्रोम किंवा फायरफॉक्स म्हणजे ब्राउझर. त्याचं काम दोनच गोष्टींचं: तुमची मागणी पुढे पाठवायची आणि आलेलं उत्तर स्क्रीनवर दाखवायचं. सर्व्हर म्हणजे दूर कुठेतरी रात्रंदिवस चालू असलेला संगणक. त्याच्याकडे साधारण तीन कामं असतात. एक भाग मागणी स्वीकारतो. दुसरा भाग म्हणजे प्रोग्रॅम, तो माहिती बरोबर आहे का, मुदत संपली का, हे तपासतो. तिसरा भाग म्हणजे डेटाबेस. खरी नोंद तिथे होते.

या बोलण्याच्या नियमांना एचटीटीपी म्हणतात. टिम बर्नर्स-ली यांनी १९८९ मध्ये जिनिव्हाजवळच्या सर्न या संशोधन संस्थेत वेबची कल्पना मांडली, त्यातूनच हे नियम आले. मूळ नियम आजही तोच आहे: ब्राउझरने मागायचं, सर्व्हरने उत्तर द्यायचं.

सातबारा बघताना काय घडतं?

तुम्ही साईटचा पत्ता टाकला की आधी त्या नावाचा आकड्यांतला पत्ता शोधला जातो. मग सर्व्हरशी जोडणी होते. पत्त्याच्या सुरुवातीला एचटीटीपीएस असेल, तर मधल्या वाटेत कुणाला तुमची माहिती वाचता येत नाही. पण त्याचा अर्थ साईट खरी आहे असा होत नाही. खोट्या साईटलाही एचटीटीपीएस मिळतं. म्हणून नाव नीट वाचा. सातबाऱ्याच्या सरकारी साईटच्या नावाचा शेवट महाभूमी डॉट गव्ह डॉट इन असाच असतो.

पुढे जिल्हा निवडला की तालुक्यांची यादी येते, तालुका निवडला की गावांची. पान तेच राहतं, पण ब्राउझर मागच्या मागे सर्व्हरला छोटी मागणी पाठवून तेवढीच यादी आणतो. या पद्धतीला अजॅक्स म्हणतात. रेंज कमी असली की गावाची यादी रिकामी दिसते ती यामुळेच. तुमच्या गावाचं नाव काढून टाकलं असा त्याचा अर्थ नसतो, उत्तर वाटेत अडकलेलं असतं. तालुका पुन्हा निवडून बघा.

सर्व्हर तुम्हाला विसरतो

एचटीटीपीच्या नियमात प्रत्येक मागणी नवी असते. मगाशी आलेला माणूस हाच, हे सर्व्हरला आपोआप कळत नाही. म्हणून लॉगिन केल्यावर सर्व्हर ब्राउझरला एक बिल्ला देतो, त्याला कुकी म्हणतात. पुढच्या प्रत्येक मागणीसोबत ब्राउझर तो बिल्ला दाखवतो. बराच वेळ काही हालचाल झाली नाही, तर बिल्ला रद्द होतो आणि 'सेशन एक्स्पायर्ड' असा संदेश येतो. अर्धा फॉर्म भरून पासबुक शोधायला उठलात की नेमकं हेच होतं. म्हणून आधार, पासबुक, गट नंबर आणि फोटो आधीच हाताशी ठेवा.

चाक फिरतं तेव्हा तीन शक्यता

१. तुमची मागणी सर्व्हरपर्यंत पोचलीच नाही.
२. मागणी पोचली, पण गर्दीमुळे काम अजून चालू आहे.
३. काम झालं, नोंदही झाली, फक्त उत्तर परत येताना वाटेत हरवलं.

अडचण अशी की मोबाईलवर तिन्ही वेळा चाक सारखंच फिरतं. तिसरी शक्यता खरी असेल आणि तुम्ही पुन्हा सबमिट दाबलं, तर दुसरा अर्ज किंवा दुसरं पेमेंट होऊ शकतं. पान रिफ्रेश करताना 'फॉर्म पुन्हा पाठवायचा का' असं ब्राउझर विचारतो, ते याचसाठी. तिथे घाईने हो म्हणू नका.

स्क्रीनवरच्या आकड्यांचा अर्थ

- डायनासोरचं चित्र: तुमच्या मोबाईललाच इंटरनेट नाही.
- ४०४: सर्व्हर चालू आहे, पण त्या पत्त्यावर ते पान नाही.
- ५००: सर्व्हरवरच्या प्रोग्रॅममध्ये बिघाड. तुमची चूक असेलच असं नाही.
- ५०३: सर्व्हरवर फार ताण आहे किंवा दुरुस्ती चालू आहे. थांबून प्रयत्न करा.
- ५०४: पुढच्या सर्व्हरने वाट पाहिली, मागच्याकडून वेळेत उत्तर आलं नाही. काम झालेलंही असू शकतं, त्यामुळे आधी स्टेटस बघा.

पैसे कापले गेले तर?

पेमेंटमध्ये पोर्टलचा सर्व्हर वेगळा आणि बँकेचा वेगळा. बँकेने पैसे कापले, पण तो निरोप पोर्टलला मिळाला नाही, असं होऊ शकतं. लगेच दुसऱ्यांदा पैसे भरू नका. व्यवहार क्रमांक जपून ठेवा आणि पोर्टलवर पेमेंट स्टेटस तपासा. रिझर्व्ह बँकेच्या सप्टेंबर २०१९ च्या परिपत्रकानुसार, यूपीआयने दुकान किंवा पोर्टलला पैसे देताना रक्कम कापली गेली आणि समोर पुष्टी पोचली नाही, तर व्यवहाराच्या दिवसानंतर ५ दिवसांत पैसे आपोआप परत यायला हवेत. त्यापुढे उशीर झाला तर दिवसाला १०० रुपये भरपाई मिळते.

हे करा

- चाक फिरत असेल तर दोन-तीन मिनिटं थांबा, बटण पुन्हा दाबू नका.
- नंतर नव्याने लॉगिन करून 'माझे अर्ज' किंवा 'स्टेटस' मध्ये बघा. तिथे अर्ज दिसत नसेल तरच पुन्हा भरा.
- शेवटच्या दिवसाची वाट पाहू नका. गर्दी कमी असते तेव्हा, सकाळी लवकर किंवा रात्री उशिरा अर्ज भरा.
- सेवा केंद्रात अर्ज भरलात, तर अर्ज क्रमांक असलेली पोचपावती घेतल्याशिवाय उठू नका. नुसत्या भरलेल्या फॉर्मचा फोटो पुरेसा नाही.

तलाठी कार्यालयात कागद दिला की आपण शिक्का मारलेली पोच मागतो. इथेही तेच. भरलेला फॉर्म तुमच्या मोबाईलच्या स्क्रीनवर असतो, पण नोंद सर्व्हरवर असते. नोंद झाल्याचा पुरावा म्हणजे सर्व्हरने दिलेला अर्ज क्रमांक. तो हातात आला की अर्ज पोचला, तोपर्यंत नाही.