जागेची मागणी आणि जागेचे वाटप

डेस्कटॉपचा प्रोग्रॅम लिहायला बसलेल्या माणसाची पहिली फजिती बहुधा अल्गोरिदममध्ये होत नाही. ती होते विंडोचा कोपरा धरून ओढताना. विंडो ऐसपैस पसरते आणि बटणे मात्र वरच्या डाव्या कोपऱ्यात अंग चोरून बसलेली असतात. मग चाळे सुरू होतात. इथे रुंदी वाढव, तिथे एक रिकामे लेबल घुसव, 300 चे 320 कर. एका स्क्रीनवर जमते, दुसऱ्यावर फिसकटते. यामागे एक शिस्तशीर शास्त्र आहे, हे अनेकांच्या गावीही नसते.

हे शास्त्र आजकालचे नाही. डोनाल्ड कनूथ यांनी टेक या अक्षरजुळणीच्या प्रणालीत चौकटी आणि त्यांच्यामधला ताणता-आकसता येणारा ‘ग्लू’ अशी मांडणी केली. स्टॅनफर्डच्या इंटरव्ह्यूज या टूलकिटने तीच कल्पना पडद्यावरच्या विजेटांना, म्हणजे बटणे-लेबले अशा घटकांना, लावली. बर्कलीत जॉन ऑस्टरहाउट यांनी टीके हे टूलकिट घडवले. नॉर्वेतले क्यूटी हे टूलकिट 1995 मध्ये लोकांपुढे आले. ॲपलने 2011 मध्ये आणलेले ऑटो लेआउट कॅसोवरी या समीकरणे सोडवणाऱ्या अल्गोरिदमवर उभे आहे. घराणी वेगळी असली तरी प्रश्न एकच: जागा कोणी किती मागितली, आणि कोणाला किती मिळाली?

सरकारी अंदाजपत्रकासारखीच ही रीत. मागण्या तळातून वर जातात, वाटप वरून खाली येते. बटण आपल्या मजकुरापुरती जागा मागते, त्याला पोटात घेणारी चौकट सगळ्यांच्या मागण्यांत समास मिळवून आकडा वर कळवते, विंडो त्यावरून आपला आकार ठरवते. वापरणाऱ्याने विंडो ओढली की जादा जागा पायरीपायरीने खाली उतरते. बिघाड दिसतो तळाशी, पण असतो बहुधा मधल्याच एखाद्या पायरीवर. नवशिका नेमका दिसणाऱ्या विजेटाशी झटापट करत बसतो.

टीकेचे उदाहरण घ्या. ग्रिड या ओळी-स्तंभांच्या मांडणीत मजकुराची पेटी ठेवली, ‘स्टिकी’ला चारही दिशा दिल्या, तरी पेटी हलत नाही. कारण स्टिकीने पेटी फक्त आपला कप्पा भरते. कप्पाच वाढायचा तर त्याच्या ओळीला आणि स्तंभाला ‘वेट’ द्यावे लागते, आणि ते मुळात शून्य असते. वेट 1 केले तरी काम होईलच असे नाही, कारण ग्रिड असलेली चौकट स्वतः दुसऱ्या चौकटीत बसलेली असेल तर तिथलेही वेट शून्यच असते. प्रत्येक पायरीवर सांगावे लागते. एकाच चौकटीत ग्रिड आणि पॅक ही टीकेची दुसरी मांडणी मिसळली तर पूर्वी दोघे एकमेकांचे हिशेब मोडत राहायचे आणि प्रोग्रॅम गोठायचा. आता सरळ एरर येते, हे बरे झाले.

क्यूटीत उलटी तक्रार भेटते: विंडो वाढते, पण परत लहान होत नाही. लेबलात चित्र ठेवले की चित्राचा आकार हीच त्याची किमान मागणी ठरते, आणि लेआउट ती मोडत नाही. त्यातून एखादा हौशी प्रोग्रॅमर विंडो ओढली की चित्र नव्या मापाचे करून पुन्हा लेबलात बसवतो, म्हणजे किमान मागणीही तेवढीच चढते. लेबलाची साइझ-पॉलिसी ‘इग्नोअर्ड’ केली की गाठ सुटते.

पिक्सेलात ठोकून दिलेली मापे हा मला तरी आळसाचाच प्रकार वाटतो. इंग्रजीत नेटके दिसणारे बटण मराठीत येते तेव्हा वर रफार-वेलांटी छाटली जाते, खाली उकार. दोष लिपीचा नसतो. उंची मजकुराला न विचारता ठरवलेली असते.

बिघाडाचा शोध कसा घ्यायचा? प्रत्येक चौकटीला वेगळा भडक रंग द्या. कोण कुठवर पसरले आहे ते लगेच दिसते. मग बिघडलेल्या विजेटापासून वर चढत जा आणि प्रत्येक पायरीवर मागितलेले, किमान आणि प्रत्यक्ष मिळालेले माप छापून घ्या. आकडे जिथे फारकत घेतात तिथे थांबा. जीटीके या टूलकिटात यासाठी इन्स्पेक्टर आहे, क्यूटीसाठी गॅमारे. एक सावधगिरी मात्र हवी: विंडो पडद्यावर येण्याआधी टीकेला रुंदी विचारली तर उत्तर 1 येते. ते खरे धरून हिशेब करणाऱ्यांचे फार हाल होतात.

पायथनसोबत टीके वापरू देणारे टीकिंटर बहुधा आलेलेच असते. पुढे वाचण्यापूर्वी एक विंडो, एक मजकुराची पेटी आणि दोन बटणे ग्रिडमध्ये मांडा. आधी वेट न देता कोपरा ओढून पाहा, मग देऊन पाहा, आणि त्यानंतरच पुढच्या प्रकरणाकडे वळा.