चिकूचे ‘खरे’ नाव

आशागडहून डहाणू-घोलवडकडे निघाले की चिकूच्या वाड्या लागतात. घोलवडच्या चिकूला २०१६ साली भौगोलिक मानांकन मिळाले. तरीही इंग्रजी शाळेत जाणारे मूल घरी विचारते, “चिकूचे खरे नाव काय?” आणि आपण शब्दकोश उघडून सांगतो, “सॅपोडिला.” जणू चिकू हे नाव खोटेच! या ‘खऱ्या’ नावाची कुळकथा पाहण्यासारखी आहे.

‘सॅ-पो-डि-ला’ असे या शब्दाचे चार उच्चारखंड; आघात तिसऱ्यावर. मात्र त्याचे मूळ इंग्लंडात नाही. मेक्सिकोच्या मूळ रहिवाशांच्या नाहुआत्ल भाषेत मऊ, गोड फळांना ‘त्सापोत्ल’ म्हणत. १५२१ साली स्पॅनिश सैन्याने तेथील अ‍ॅझ्टेक राज्य जिंकले. विजेत्यांच्या जिभेला ‘त्ल’ पेलवेना. त्यांनी ‘सापोते’ केले. ‘तोमात्ल’चा ‘तोमाते’ आणि पुढे आपला टोमॅटो झाला, तो याच वाटेने. लहान सापोते तो ‘सापोतियो’, आणि इंग्रजांच्या तोंडी त्याचाच झाला सॅपोडिला. म्हणजे शब्द एकदा नव्हे, दोनदा मोडला!

आपला ‘चिकू’ तरी कुठला? झाडाला चीक असतो म्हणून चिकू, असे अनेकांना वाटते. परंतु तो केवळ ध्वनींचा योगायोग होय. मेक्सिकोत या फळाला ‘चिकोसापोते’ म्हणतात. मेक्सिको व मनिला यांच्यामध्ये १५६५ ते १८१५ पर्यंत स्पॅनिश गलबते ये-जा करीत. फिलिपिन्समध्ये हे फळ ‘चिको’ आहे, मलय भाषेत ‘चिकू’. आपले नाव त्याच कुळातले मानले जाते. पाव, चावी, पगार, पाद्री हे पोर्तुगीजांकडून आलेले शब्द आपण जसे घरचे केले, तसाच हाही.

तेव्हा चिकू आणि सॅपोडिला ही एकाच घराण्यातली भावंडे. एक थोरले आणि दुसरे अशुद्ध, असे नाही. आज शब्दकोशात मानाने बसलेला इंग्रजी शब्द एका जिंकल्या गेलेल्या लोकसमूहाच्या बोलीतून आला आहे. आपल्या वर्गात एखादे वारली मूल घरच्या उच्चाराने बोलले आणि इतर हसले, तर ‘त्सापोत्ल’ची ही गोष्ट त्यांना अवश्य सांगावी.