कडीतून सुटणारी दोरी

विरार स्थानकाच्या पूर्वेस, दाटीने उभ्या राहिलेल्या इमारतींच्या मधोमध मनवेलपाड्याचे तळे अजून आपले पाणी राखून आहे. आणि पावसाळा ओसरला की त्याच्या काठावर बांबूची काठी, दोन वाव नायलॉनचा तंगूस, एक गरी आणि कणकेची गोळी एवढ्याच भांडवलावर मासे धरण्याचा उद्योग आरंभणारी मुले संध्याकाळी हमखास दृष्टीस पडतात. गेल्या कार्तिकात तेथेच कट्ट्यावर बसून मी माझ्या नऊ फुटी काठीवर चिकटपट्टीने कड्या लावून पाहत होतो, तेव्हा त्यांच्यापैकी एकाने जवळ येऊन विचारले, ‘‘काका, एवढ्या कड्या कशाला? दोरी टोकाला बांधली की झालं!’’

त्या मुलाच्या बोलण्यात अडाणीपणा मुळीच नव्हता. मनुष्यजातीने शतकानुशतके मासे धरले ते असेच. कल्याणीच्या चालुक्य घराण्यातील तिसरा सोमेश्वर ह्याने बाराव्या शतकात ‘मानसोल्लास’ रचला, त्यात राजाच्या करमणुकींचा तपशील देताना ‘मत्स्यविनोद’ हे प्रकरण घातले असून माशांच्या जाती, त्यांना रुचणारी आमिषे आणि गळाची सामग्री ह्यांची चर्चा हत्ती-घोड्यांच्या चर्चेइतक्याच गांभीर्याने केली आहे. सुंदरलाल होरा ह्या मत्स्यशास्त्रज्ञाने १९५१ साली त्यावर निबंध लिहिला, तेव्हा आधुनिक अभ्यासकांचे लक्ष ह्या प्रकरणाकडे वेधले गेले. आपल्या दख्खनच्या एका राजाने गळाला शास्त्राची प्रतिष्ठा द्यावी, आणि आपण मात्र तो रिकामटेकड्यांचा नाद समजावा, ह्याची मला नेहमी गंमत वाटते.

टोकाला दोरी बांधलेल्या काठीची मर्यादा उघड आहे. काठी आणि दोरी मिळून जेवढी लांबी होईल तेवढाच मच्छीमाराचा मुलूख. त्यापलीकडचा मासा त्याचा नव्हे, आणि गळाला लागलेला मोठा मासा दूर पळू लागला तर दोरी तुटणे किंवा काठी पाण्यात सोडणे एवढेच दोन मार्ग त्याला मोकळे. म्हणून दोरी गुंडाळून ठेवणारे रीळ आले. चीनमध्ये मा युआन ह्या चित्रकाराने ११९५ च्या सुमारास रंगविलेल्या चित्रात नावेतील एकाकी मच्छीमाराच्या काठीला ते स्पष्ट दिसते. इंग्लंडात त्याचा बोलबाला सतराव्या शतकात सुरू झाला. आणि दोरी एकदा धावू लागली की तिला काठीच्या अंगाअंगाने नेणारी वाट हवी. ती वाट म्हणजे ह्या कड्या. विलायतेतील कारागिरांच्या भाषेत त्यांना नाना नावे आहेत. आपल्याकडे झोपाळ्याला, दाराला, पेटीला जो शब्द चालतो तो येथेही चालायला हरकत नाही.

पहिल्या कड्या सैल असत. पितळेच्या बारीक पट्टीत अडकवलेले आणि रेशमी दोऱ्याने काठीला जखडलेले एक छोटेसे वलय, एवढीच त्यांची घडण. काठी गुंडाळून ठेवताना त्या निमूटपणे आडव्या पडत आणि कशातही अडकत नसत, हा त्यांचा गुण. आणि ऐन कामाच्या वेळीही त्या तशाच आडव्या पडत, हा त्यांचा दोष. त्या काळी दोरी रेशमाची असे. ती पाण्यावर तरंगावी म्हणून तिला चरबी चोळावी लागे आणि कुजू नये म्हणून रोज संध्याकाळी उलगडून वाळत घालावी लागे; अशी ओली, जड दोरी भिजलेल्या काठीला जळवेसारखी चिकटून राही आणि लोळत पडलेल्या कडीतून पुढे सरकायचे नाव घेत नसे. साध्या गळाला हे एक वेळ खपे, कारण तेथे शिशाचे वजन दोरीला ओढून नेते. परंतु ज्याला फ्लाय फिशिंग म्हणतात त्या प्रकारात गरीवर पिसांची बांधलेली कृत्रिम माशी म्हणजे जवळजवळ वजनशून्य वस्तू. तेथे फेकली जाते ती माशी नव्हे, खुद्द दोरी, आणि माशी तिच्यामागून पाहुणीसारखी जाते. अशा खेळात दोरीला वाटेत कोणी धरून ठेवले तर सगळा मामलाच आटोपला. तेव्हा काठीपासून थोडी दूर, ताठ उभी राहणारी कडी शोधणे प्राप्त झाले, आणि एकोणिसाव्या शतकाच्या उत्तरार्धात पोलादी तारेला सापासारखा एकच वळसा देऊन, तिची दोन्ही टोके चपटी करून, ती काठीवर बांधण्याची युक्ती रूढ झाली. इतक्या थोड्या धातूत इतके काम साधणारी दुसरी वस्तू मला तरी ठाऊक नाही. आजही नव्या काठीवर मुख्यत्वे तीच असते.

काठीचा इतिहासही ह्याच काळात पालटला, आणि त्यात आपल्या देशाचा भाग होता. अमेरिकेत पेनसिल्व्हेनियातील ईस्टन गावी सॅम्युअल फिलिपी ह्या बंदूक घडविणाऱ्या कारागिराने १८४० नंतरच्या वर्षांत बांबू उभा चिरून त्याच्या पट्ट्या सरसाने जोडल्या आणि भरीव, लवचिक कांब तयार केली. त्यासाठी जो बांबू जहाजांतून जाई त्याला व्यापारात ‘कलकत्ता’ असे ज्या बंदरातून तो चढे त्याचेच नाव होते, आणि त्याच्या अंगावर भाजल्याचे काळे डाग असत. पुढे शतक पालटण्याच्या सुमारास चीनच्या टोंकिन बांबूने त्याला पदच्युत केले. परंतु त्यापूर्वी कित्येक वर्षे आपल्याकडचा बांबू काही आण्यांच्या मोलाने जाई आणि विलायती कारखान्याची मोहोर लावून घेऊन साहेबाच्या सामानातून परत येई. ह्या येरझारीत कोणाच्या पदरात काय पडले हे सांगण्यास दादाभाई नौरोजींची गरज नाही.

हे साहेब लोक मुंबई इलाख्यात मासे धरीत हिंडले. कर्नल साइक्स ह्याने १८३९ साली पुण्याजवळच्या मुळा-मुठेतील महसीर माशाचे वर्णन प्रसिद्ध केले, तेव्हा त्याने त्याला ‘खुद्री’ हे येथल्या मराठी नावावरून घेतलेले नाव दिले आणि ते शास्त्रात कायम झाले. हेन्री सलिव्हन थॉमस ह्या मद्रासच्या मुलकी अधिकाऱ्याने १८७३ साली हिंदुस्थानातील गळावर ग्रंथ लिहिला, तो पुढे ह्या छंदाचा आधारग्रंथ ठरला. १८९१ च्या सुमारास बांधलेला पवईचा तलाव पिण्याच्या पाण्यासाठी निरुपयोगी ठरल्यावर गळवाल्यांना लाभला, आणि बॉम्बे प्रेसिडेन्सी अँग्लिंग असोसिएशन ह्या नावाने तेथे नांदणारी संस्था पुढे महाराष्ट्र स्टेट अँग्लिंग असोसिएशन झाली. मात्र पवईत माशीपेक्षा कणकेच्या गोळ्यांचाच अंमल अधिक. आमच्या बाजूला, वैतरणेच्या काठी वाडा तालुक्यात तिळसे येथे महादेवाच्या मंदिरापाशी महसीर आहेत, पण ते देवाचे मासे. भाविक त्यांना खाऊ घालतात, गळ कोणी टाकीत नाही. मीही तेथे काठी नेत नाही.

त्या साहेबांच्या मागे राहिलेल्या काठ्यांपैकी एक मला मुंबईच्या जुन्या बाजारात मिळाली. तिची मुठीजवळची आणि टोकाची, अशा दोन्ही कड्या अकीकाच्या होत्या. रेशमी दोरीत अडकलेली बारीक वाळू कानशीसारखी चालते आणि तारेच्या कडीत खाचा पाडते, म्हणून जेथे घर्षण सर्वांत जास्त तेथे हा कठीण दगड बसवीत. सह्याद्रीच्या काळ्या खडकातील पोकळ्यांत अकीक जन्माला येतो, खंबायतेस तो पैलू पाडून विकला जातो. आपल्या ओळखीचा हा जिन्नस विलायती काठीवर बसलेला पाहून मला फार समाधान वाटले आणि त्या समाधानाच्या भरात मी त्या कड्या तपासल्या नाहीत. पहिल्याच दिवशी दोरी सुरीने कापावी तशी उसवत आली. मग एका जुन्या गळवाल्याने सांगितल्याप्रमाणे कापसाचा बोळा त्यांतील एका कडीतून फिरवला: तीन बाजूंना तो गुळगुळीत सरकला, चौथ्या बाजूला त्याचे दोन तंतू अडकून राहिले. डोळ्यांना न दिसणारी चीर कापसाने दाखविली. अकीक कठीण खरा, पण काठी एकदा दगडावर आपटली की त्याचा भरवसा संपतो. हल्ली त्याच्या जागी भट्टीत भाजलेल्या सिलिकॉन कार्बाइडसारख्या कृत्रिम द्रव्याचे अस्तर असते.

नवी काठी स्वतः बांधायला घेतली ती ह्याच अनुभवानंतर. कड्या किती, ह्याविषयी कारागिरांचा ठोकताळा असा की जितके फूट काठी तितक्या कड्या, फार तर एक अधिक, आणि टोकाची त्यांत मोजायची नाही. कमी लावल्या तर दोरी मध्येच झोळ खाते आणि वाकलेल्या काठीला घासते. जास्त लावल्या तर प्रत्येकीचे वजन, तिच्यावरच्या दोऱ्याचे आणि रोगणाचे वजन काठी आपल्या अंगावर वागवते, आणि ते टोकाकडे असेल तर चपळ काठी मंद होते. मुठीकडे दहा ग्रॅम वजन वाढले तरी हाताला कळत नाही, टोकाशी एक ग्रॅम वाढले तरी कळते. म्हणून टोकाकडे कड्या लहान, हलक्या आणि जवळजवळ. मुठीकडे मोठ्या आणि लांब लांब. पण फार लहानही नकोत, कारण दोरीला जोडलेल्या धाग्याची गाठ त्यांतून अडखळल्याशिवाय गेली पाहिजे. त्यापुढचा निवाडा पुस्तकात नाही. कड्या चिकटपट्टीने तात्पुरत्या लावाव्या, दोरी ओवून काठी वाकवावी, आणि वाक ज्या ठिकाणी तीव्र होतो तेथे दोरी काठीला शिवते का ते पाहावे; शिवली तर कडी बोटभर सरकवावी आणि पुन्हा वाकवावे. हा खेळ मी त्या कट्ट्यावर तीन संध्याकाळी केला. जागा ठरल्यावर कडीचे पाय कानशीने इतके निमुळते करावे लागतात की दोऱ्याचा वेढा काठीवरून पायावर चढताना मध्ये फट राहू नये. माझ्या पहिल्या दोन कड्या ह्याच फटीपायी मी उसवून पुन्हा बांधल्या.

चौथ्या संध्याकाळी तो मुलगा आला तेव्हा त्याच्या बांबूला वाकवलेल्या सेफ्टी पिनेची एक कडी सुतळीने बांधलेली होती आणि तंगूस दुधाच्या डब्यावर गुंडाळलेला होता. मी काही बोलण्यापूर्वीच त्याने काठीचे टोक कट्ट्याला टेकवून वाकवले, तंगूस बांबूला कोठे घासतो ते डोळे बारीक करून पाहिले आणि पिन सोडवायला बसला.